अठरा हजार म्हणजे नक्की किती?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. गणपती नुकते उठले होते आणि आमचा वॉर्ड डेंग्यूने भरला होता. एका एकोणीस वर्षांच्या मुलाचं रक्त पहाटे लॅबमध्ये आलं. रात्रपाळीला असलेल्या माझ्या सहकारी टेक्निशियनने रिपोर्ट दिला: प्लेटलेट १८,०००. वीस हजारांच्या खाली गेलं की आमच्याकडे पळापळ सुरू होते. 'जिल्ह्याला न्या, प्लेटलेटची सोय करा' असं नातेवाइकांना सांगण्यात आलं. मुलाच्या मामाने कृषी सेवा केंद्रवाल्याकडून उसने पैसे घेतले, जीप ठरवली आणि निघता निघता कोणीतरी सुचवलं म्हणून चौकातल्या खासगी लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथेही हातानेच मोजणी झाली. रिपोर्ट आला २७,०००.

मग जे व्हायचं तेच झालं. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून व्हिडिओ निघाला, 'सरकारी दवाखान्याचा भोंगळ कारभार' म्हणून तालुकाभर फिरला आणि आठवड्याभरात माझ्या सहकारी बाईंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. नोटिशीत एकच प्रश्न होता, दोन तासांत नऊ हजारांचा फरक कसा पडला?

या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वेळी कोणालाच ऐकायचं नव्हतं, म्हणून इथे देते. उत्तर असं की फरक पडलाच नव्हता. ते दोन आकडे एकच होते.

मी डीएमएलटी करून या कामात पडले त्याला आता बरीच वर्षं झाली. मायक्रोस्कोपवर मान वाकवून किती पेशी मोजल्या याचा हिशेब नाही. तर आधी हे सांगते की तुमच्या पीडीएफमधला तो 'अठरा हजार' येतो कुठून. तुम्हाला वाटत असेल की कोणीतरी अठरा हजार काहीतरी मोजलं. आम्ही अठरा मोजतो. खरंच, अठरा ठिपके. अकरानंतर बारा, बारानंतर तेरा, असे.

पद्धत जुनी आहे. वीस मायक्रोलिटर रक्त घ्यायचं आणि अमोनियम ऑक्झलेटच्या द्रावणात शंभर पट पातळ करायचं. त्याने तांबड्या पेशी फुटून जातात आणि प्लेटलेट उरतात. मग न्यूबॉर चेंबर नावाची एक जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. मधली मोठी चौकट बरोबर एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर आणि कव्हरस्लिप ठेवल्यावर खोली ०.१ मिलिमीटर. तेवढ्या जागेत दिसलेले ठिपके मोजायचे आणि हजाराने गुणायचं. म्हणजे प्रत्यक्षात आपण रुग्णाच्या रक्ताचा एक घन मिलिमीटरचा हजारावा भाग बघितलेला असतो. एका साध्या थेंबाचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. त्यात सापडले अठरा आणि रिपोर्टवर छापले अठरा हजार.

आता स्वयंपाकघराच्या फरशीवर मूठभर मोहरी सांडा. कितीही सारखी पसरली तरी प्रत्येक फरशीवर सारखे दाणे पडणार नाहीत. एकीवर अठरा, शेजारचीवर चोवीस, तिसरीवर चौदा. यात तुमचा हात चुकला असं कोणी म्हणणार नाही. दाणे असेच पडतात. रक्तातले ठिपकेही असेच पडतात आणि त्याचं गणित शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. ते मांडलं ते एका बिअरच्या कारखान्यातल्या माणसाने, हे मला फार आवडतं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ यीस्टच्या पेशी याच प्रकारच्या काचेवर मोजायचा. 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने १९०७ साली निबंध छापला, विषय हाच, हिमोसायटोमीटरवर मोजताना होणारी चूक. द्रावण अगदी एकजीव हलवलं, मोजणाऱ्याचे डोळे गरुडाचे असले, तरी एक किमान चूक शिल्लक राहतेच आणि ती किती हे मोजलेल्या पेशींच्या संख्येवरून काढता येतं. ढोबळ नियम असा की मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढं मागेपुढे धरा.

अठराचं वर्गमूळ सव्वाचारच्या आसपास. नीट हिशेब केला तर अठरा ठिपके दिसले याचा अर्थ खरा आकडा साधारण ११ हजार ते २८ हजार यांत कुठेही असू शकतो. सत्तावीस त्यातच बसतात. एकाच माणसाने, एकाच ट्यूबमधून, लागोपाठ दोनदा मोजलं तरी अठरा-सत्तावीस एवढी किंवा याहून मोठी तफावत चार-पाच वेळांत एकदा निव्वळ योगायोगाने येईल. इथे तर लॅब दोन, पिपेट दोन, माणसं दोन.

आणि हा झाला फक्त मोहरीचा हिशेब. माणसाचा अजून सुरूच झालेला नाही.

तो ठिपका प्लेटलेट आहे की धूळ? की फुटलेल्या तांबड्या पेशीचा तुकडा? नियमाने चेंबर भरल्यावर ओल्या कापसाच्या झाकणाखाली दहा-वीस मिनिटं थांबायचं असतं, म्हणजे प्लेटलेट तळाशी बसतात. वॉर्डमधून तिसरा फोन आला की ती दहा मिनिटं पाचावर येतात. चौकटीच्या रेषेवर बसलेली पेशी आत धरायची की बाहेर? दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या, हा नियम सगळ्यांनी शिकलेला असतो. पण पहाटे पाच वाजता कोणत्या दोन? टोचताना रक्त हळू आलं आणि ट्यूबमध्ये बारीक गुठळी झाली, तर आम्ही मोजायच्या आधीच निम्म्या प्लेटलेट त्या गुठळीत गेलेल्या असतात.

पांढऱ्या पेशींची वर्गवारी, ज्याला आम्ही डीसी म्हणतो, ती तर निव्वळ मतांची गोष्ट असावी अशी कधी कधी शंका येते. शंभर पेशी बघायच्या, ज्या प्रकारची दिसेल ती कळ दाबायची, शंभर झाल्या की काउंटरची घंटा वाजते. त्या घंटेचा आवाज मला स्वप्नातही येतो. आता एखादी पेशी मोठी लिम्फोसाइट की मोनोसाइट? न्यूट्रोफिलचं केंद्रक पुरतं दुभंगलंय की अजून 'बँड'च आहे? बँड कशाला म्हणायचं यावर जगभरातल्या तज्ज्ञांचं एकमत होत नाही आणि त्या आकड्यातली तफावत इतकी बदनाम आहे की तो वेगळा छापूच नये असं म्हणणारे पॅथॉलॉजिस्ट कमी नाहीत. डेंग्यूत तर लिम्फोसाइट अशा काही फुगतात की तीन टेक्निशियन तीन नावं देतात. त्यात स्लाइड ओढताना जड पेशी कडेला आणि शेपटाकडे ओढल्या जातात. म्हणजे कडेने मोजणारीला न्यूट्रोफिल जास्त दिसणार आणि मधून मोजणारीला लिम्फोसाइट. दोघी प्रामाणिक.

शंभरात पाच इओसिनोफिल सापडले तर खरा आकडा दोन टक्क्यांपासून अकरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. याचे छापील तक्ते आहेत, रुम्के नावाच्या डच अभ्यासकाचा तक्ता आमच्या पुस्तकात होता. परीक्षेला यायचा नाही म्हणून कोणी वाचायचं नाही. तोच रुग्ण पुढच्या महिन्यात येतो, इओसिनोफिल नऊ टक्के निघतात आणि डॉक्टर म्हणतात, 'वाढलेत, गोळी बदलू.'

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मोजणीत फरक पडतो, माणूस आहे. माझं भांडण फरकाशी नाहीच. फरक पडत नाही असं दाखवायला आम्हाला शिकवलं जातं, भांडण त्याच्याशी आहे.

प्रॅक्टिकलला आम्हाला दोनदा मोजायला लावत. दोन्ही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की मार्क कापले जात. आता अठरा ठिपक्यांच्या मोजणीत दहा टक्के म्हणजे दोन ठिपकेसुद्धा नाहीत. निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. मग आम्ही काय करायचो? पहिल्यांदा मोजायचो आणि दुसऱ्यांदा लिहायचो. सगळे करायचे. मी केलंय. पहिला आकडा १८ आला तर दुसरा १९ लिहायचा, अगदी १८ नको, नाहीतर संशय येतो. जी मुलगी बिचारी खरोखर दोनदा मोजून १८ आणि २६ लिहायची तिला सर म्हणायचे, 'हात बसला नाही अजून तुझा.'

हे फक्त आमच्याच कॉलेजचं पाप असतं तर मी गप्प बसले असते. १९३५ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बर्कसन, मॅगथ आणि हर्न या तिघांनी तांबड्या पेशींच्या मोजणीवर निबंध लिहिला. त्यांच्या लक्षात आलं की दोन मोजण्या किती जुळल्या पाहिजेत याची जी अट शिकवली जाते, ती योगायोगाच्या नियमांत बसतच नाही, इतकी कडक आहे. आणि तरीही मोजणारे ती अट पाळून दाखवत होते! मोहरी सारखी पडूच शकत नाही, पण वहीत सारखी पडत होती. नव्वद वर्षं होत आली. आमच्याकडची जर्नलं आजही इतकी स्वच्छ जुळतात की कौतुक वाटावं.

कॉलेजात लागलेली ही सवय नोकरीत मुरते. फॉर्मवर कालचा रिपोर्ट लिहिलेला असतो, ४२,०००. आज तुम्हाला २७ ठिपके दिसतात. तुम्ही पुन्हा बघता. मगाशी धूळ म्हणून सोडलेले पाच-सहा ठिपके आता प्लेटलेट वाटायला लागतात. ३३ होतात. ३३ बरे दिसतात, 'हळूहळू कमी होतायत' असं वाटतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण डोळ्यांनी तुमच्या मनाचं ऐकलं. आणि जर पहिल्यांदा ३९ दिसले असते, तर तुम्ही पुन्हा मोजलंच नसतं. मुद्दाम फसवणारा टेक्निशियन मी क्वचित पाहिला. असा नकळत जुळवून घेणारा रोज आरशात दिसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'ताई, कुठल्या जमान्यात आहात? आता मशीन आहे.' आहे की. वॉलेस कोल्टरने १९५३ साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावर, म्हणजे बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहात पडणारा अडथळा मोजून, आज गल्लीतल्या लॅबमध्येही मिनिटाभरात रिपोर्ट निघतो. मशीन अठरा नाही, हजारो पेशी मोजतं. मोहरीचा प्रश्न तिथे जवळपास संपतो आणि मशीन यायलाच हवं, मी त्याविरुद्ध नाही. पण मशीन आकार बघतं. प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर तो गोळा तिला प्लेटलेट वाटत नाही, आकडा खाली. लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी बारीक झाल्या असतील तर त्यांचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात, आकडा वर. आपल्याकडे रक्तक्षय किती बायकांना आहे हे मी सांगायला नको. म्हणून चांगलं मशीनसुद्धा कमी आकड्यापुढे खूण करून सांगतं, स्लाइड बघा. मग स्लाइड कोण बघतं? आम्हीच. एका फील्डमध्ये सरासरी किती प्लेटलेट दिसल्या त्याला पंधरा हजारांनी गुणायचं. एक दिसली तर पंधरा हजार, दोन दिसल्या तर तीस. म्हणजे जिथे आकड्याची सर्वांत जास्त गरज असते, तिथेच मशीन हात वर करून आमच्याकडे बघतं. शिवाय रिएजंट संपलेलं असतं, किंवा लाइट गेलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. 'रिपोर्टवर ११ ते २८ हजार असं छापलं तर लोक घाबरतील, लॅबवर विश्वास राहणार नाही.' मला हे लोकांना मूर्ख समजणं वाटतं. याच लोकांना डीआरएसमधला 'अंपायर्स कॉल' कळतो. बॉल स्टंपला थोडासाच लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो, हे पानटपरीवरचा पोरगाही समजावून सांगतो, वर त्यावर वादही घालतो. विकेटच्या बाबतीत ज्याला एवढी समज आहे, त्याला स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत नसेल? आणि विश्वासाचंच म्हणाल तर तो तालुकाभर फिरलेल्या व्हिडिओत गेलाच ना. तो घालवला एका आकड्याच्या खोट्या ठामपणाने.

डॉक्टरांबद्दल बोलायचं धाडस करते, कारण या ठामपणाचं गिऱ्हाईक तेच आहेत. दर सहा तासांनी प्लेटलेट मागवायच्या आणि स्कोअरसारख्या केसपेपरवर उतरवायच्या, यातून डेंग्यूच्या रुग्णाचं काय भलं होतं? आपल्या देशाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना सांगते की रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट देण्याचा विचार करा. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली सिंगापूर-मलेशियातल्या प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास आला, वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्यांना रक्तस्राव नसताना त्या चढवून फायदा दिसला नाही. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून, रक्तदाब कोसळून. त्यासाठी हिमॅटोक्रिट, नाडी, लघवी, पोटदुखी, उलट्या यांच्याकडे बघावं लागतं, रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून. प्लेटलेटचा आकडा मात्र फोनवरून विचारता येतो.

नातेवाईकही फोनवरूनच बघतात. सकाळी अठरा, संध्याकाळी सत्तावीस, मध्ये पपईच्या पानांचा रस दिलेला. झाला चमत्कार! किवीवाल्याचंही भलं. उलट झालं, सत्तावीसाचे अठरा, की 'अर्जंट बी पॉझिटिव्ह' असा मेसेज चाळीस ग्रुपवर. मला दोन्हीकडे मोहरीच दिसते.

मग काय करायचं? मी काही फार मोठं मागत नाही. वीस हजारांच्या खालचे नमुने शंभर पट पातळ करण्याऐवजी वीस पटच करा. तेच रक्त, तीच चौकट, पण अठराऐवजी नव्वद ठिपके मोजायला मिळतात आणि ११ ते २८ हजारांची रेघ साडेचौदा ते बावीस हजारांवर येते. डीसीला शंभरऐवजी दोनशे पेशी मोजा. संदर्भासाठीची मान्य पद्धत तर दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनशे-दोनशे मोजा म्हणते. मोजणारीला कालचा आकडा दाखवू नका. आणि रिपोर्टवर छापा की आम्ही प्रत्यक्षात किती पेशी मोजल्या. एवढी एक ओळ. 'मोजलेल्या पेशी: १८'. बाकीचं लोक समजून घेतील, नाहीतर विचारतील. विचारू देत.

दोनशे मोजायला दुप्पट वेळ लागतो हे मला माहीत आहे. आमच्याकडे रात्रपाळीला एकच माणूस असतो, तोच रक्त काढतो, तोच लघवी तपासतो, तोच मलेरियाच्या स्लाइड बघतो. त्याला दोनशे मोजायला सांगणं म्हणजे तासाभरात रांगेतल्या लोकांच्या शिव्या खायला सांगणं. पण मग जागा भरा. नोटीस काढायला जो कारकून आहे त्याच्या पगारात काही कमी पडत नाही, मायक्रोस्कोपवर बसणारी मात्र वर्षानुवर्षं अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. नव्वद ठिपके शांतपणे मोजायला लागणारा वेळ ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जीपचं भाडं आणि प्लेटलेटच्या पिशव्या यांचाही हिशेब मांडावा.

तो मुलगा बरा झाला, हे सांगायचं राहिलं. जिल्ह्याला त्याला प्लेटलेट लागल्याच नाहीत. रक्तस्राव नव्हता, रक्तदाब ठीक होता, सलाइनवर ठेवला, पाचव्या दिवशी घरी. मामाची उसनवारी तेवढी कापसापर्यंत चालली.

नोटिशीला उत्तर लिहायला मी माझ्या सहकारी बाईंना मदत करणार होते. गॉसेट, वर्गमूळ, सगळं घालायचं ठरवलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःच चार ओळी लिहिल्या: 'मी अठरा मोजले. पुन्हा मोजले असते तर कदाचित चोवीस आले असते, कदाचित पंधरा. जेवढे दिसले तेवढे लिहिले.' वरून शेरा आला, 'खुलासा समाधानकारक नाही. यापुढे दक्षता घ्यावी.'

त्या दक्षता घेतात. आता डेंग्यूचा नमुना आला की चेंबर भरायच्या आधी वॉर्डला फोन लावतात, 'सिस्टर, याचा कालचा किती होता?' तेव्हापासून त्यांच्या एकाही रिपोर्टबद्दल तक्रार आलेली नाही.